दादांनी काढलेली आई

१२ नोव्हेंबर, कळंब
अण्णाचा आज बरा दिवस. पेज पोटात गेली. डावा हात तसाच निर्जीव.
संध्याकाळी अण्णाच्या शिरीषला सोनारीहून फोन. आमच्या वडिलांच्या, दादांच्या हाताखाली स्टुडिओत दिवे हलवायचे ते गुरव, त्यांच्या मुलाचा. घराचे पत्रे बदलताना माळ्यावर फिल्मचा डबा निघालाय. आत आमची आई आहे म्हणे.
शिरीष म्हणाला, "आत्या, बाबांना इतक्यात सांगू नका. उगं आशा लागंल." मी सांगून टाकलं. अण्णा म्हणाला, "ट्रायलचा डबा. मला वाटलं दादांनी जाळला."

१४ नोव्हें.
सोनारीला जाऊन आलो. देवळापासून गुरवांच्या घरापर्यंत सगळी माकडंच. गाडीच्या टपावर दोन बसली, शिरीष वैतागला.
डबा गंजून लाल. झाकण हलत नाही. नाकाला झोंबणारा वास. गुरवांचा मुलगाही आता म्हातारा, काठी टेकतो. म्हणाला, "बापानं मरताना सांगितलं व्हतं, ह्यात वैनी हाईत, ह्यो टाकायचा न्हाय. म्या न्हाय टाकला. पर आमी वरच ठिवला बगा, पत्र्याखाली. कळत न्हवतं."
इतके उन्हाळे, पत्र्याखाली. चहा घेतला.

१५ नोव्हें.
अण्णाच्या उशाशी डबा ठेवला. उजव्या हातानं चाचपत राहिला. आज पुष्कळ बोलला. लिहून ठेवते.
दादा परंड्याहून तंबू-सिनेमाच्या गाडीमागं गेले, मशीनचा दांडा फिरवायला. तिथून कोल्हापूरकडं, एका स्टुडिओत भिंगं पुसायला. मोठा कॅमेरामन आजारी पडला आणि कॅमेरा हातात आला, तो आलाच. आधी सगळं शूटिंग उन्हावर आणि आरशांवर. बोलपट आले तसे बंद खोलीत मोठाले दिवे. डोळे सुजून यायचे. आई दुधात भिजवलेले कापसाचे बोळे ठेवायची डोळ्यांवर.
ती विषमज्वरानं गेली तेव्हा मी पाळण्यात. अण्णा शाळेत जायला लागला होता.
कॅमेरामनच्या घरात बायकोचा एक फोटो नाही. लोकांना खरं वाटत नाही. ती समोर बसायचीच नाही. म्हणायची, तुमच्या त्या नट्यांचे काढा. शेवटी नवीन भिंग आलं, ते बघायला कुणीतरी हवं होतं, तेव्हा दादांनी तिला स्टुडिओच्या अंगणात उभी केली. अण्णा तिथं होता. दादा म्हणत होते, "चालत ये. माझ्याकडं बघू नको." आणि ती बघायचीच.
पुढं स्टुडिओ बंद पडला. दादांचे सगळे सिनेमे भंगारात, फिल्मवरची चांदी काढायला. एकही उरला नाही. कळंबला येऊन फोटोचं दुकान घातलं. पासपोर्ट, लग्नं, मयत. परत कधी सिनेमाला म्हणून गेले नाहीत.

१८ नोव्हें.
पुण्याला जुन्या फिल्म सांभाळतात तिथं शिरीषनं फोन लावला. तिथल्या बाईंनी बजावलं, उघडू नका, गारव्यात ठेवा, चुलीजवळ तर नकोच. ही फिल्म पेट घेते.
सूनबाईनं, शिरीषच्या बायकोनं, ऐकलं. "आत्या, घरात लेकरू हाय." बरोबर आहे तिचं. डबा शेतातल्या मोटारीच्या खोलीत. अण्णा सारखं विचारतो, कुठं नेला.

२५ नोव्हें., पुणे
बाईंनी आमच्यासमोर झाकण कापलं.
आत फिल्म नाही. तपकिरी ढेप. वर काकवीसारखं चिकट, कडेला भुगा. बाई तरुण, पण चांगल्या. म्हणाल्या, "आजी, हे जवळजवळ गेलंय." मी विचारलं, जवळजवळ म्हणजे? अगदी आतले काही वेढे कदाचित सुटतील, पण तिथं काय असेल सांगता येत नाही. कोरी फिल्मही असेल. सुटलं नाही तर नियमानं नष्ट करावं लागेल.
सही केली. 

२६ नोव्हें.
अण्णाला खरं सांगितलं. खोटं सुचलं नाही.
"विरघळली?"
"व्हय."
"मग मी गेल्यावर ती कुणाला आठवणार, कुसुम?"


३ डिसेंबर
आता अण्णा रोज मला आई सांगतो. मी खुर्ची ओढून बसते. कपाळावर बट, डाव्या गालाला खळी, मान जराशी तिरकी, कानात मोत्याचे लोंबते डूल. हसली की खालचा ओठ दाबायची.
कुठंतरी बघितल्यासारखी वाटली. 

४ डिसें.
दादांच्या दुकानात काउंटरमागं एका नटीचा मोठा फोटो होता, दादांनीच काढलेला. अख्खं बालपण आम्ही त्याच्याखाली अभ्यास केला. बट, खळी, तिरकी मान, डूल. तीच. अण्णाच्या डोक्यात आईच्या जागी ती बसलीय, कधीपासून कोण जाणे. आईकडं मोती कुठले.
म्हणजे आई त्याच्याकडंही नाही. कुणाकडंच नाही.
त्याला सांगणार नाही.

१९ डिसें.
अण्णाला कफ. डॉक्टर म्हणतात धाराशिवला न्या. तो नको म्हणतो. पुण्याहून काही नाही. शिरीषची ढोकीला रात्रपाळी, साखर कारखाना चालू.

६ जानेवारी
पुण्याचा फोन. आतला एक छोटा तुकडा सुटला. बाकी ढेप तशीच, ती जाणार. बाईंनी शिरीषच्या मोबाइलवर चित्र पाठवलंय.
बघितलं. अर्धं डागानं खाल्लेलं. उरलेल्या अर्ध्यात एक बाई, कपाळावर हात धरून, उन्हानं डोळे बारीक केलेले. पदर डोक्यावरून. साधी. रुंद नाक. माझं आहे तसं? आरशात जाऊन बघितलं. काय कळतंय.

७ जाने.
अण्णाला शुद्ध होती तेवढ्यात शिरीषनं मोबाइल समोर धरला. पुष्कळ वेळ बघितलं त्यानं.
"ही न्हाई."
"अण्णा, नीट बघ. अंगण आहे मागं."
"अंगण तेच. पण ही आई न्हाई. स्टुडिओत स्वयपाकाला एक बाई होती, तिला उभी केली असंल आधी." मग डोळे मिटून घेतले. "आईला खळी होती."
शिरीष माझ्याकडं बघायला लागला. मी मोबाइल घेतला.
गुरव म्हणाले होते, ह्यात वैनी आहेत. पण त्यांनी तरी डबा कधी उघडला होता?

९ जाने.
अण्णा बोलत नाही. घरघर लागलीय. सूनबाई पाणी सोडते तोंडात.
दुपारी पुण्याच्या बाईंचा फोन. तुकडा त्या ठेवून घेणार, पाकिटावर नोंद करायचीय. दादांचं नाव लिहिलंय त्यांनी, कॅमेरामन म्हणून. म्हणाल्या, "आणि चित्रातल्या बाईंचं नाव काय लिहू?"
मी म्हटलं, थांबा जरा.
त्या थांबल्या. मग फोन कट झाला की मीच ठेवला, आठवत नाही. नाव सांगायचं राहिलंच.