झाकण उघडल्यानंतर

ता. ४ मार्च

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाय सुजलेत म्हणतेस, तर जरा बूड टेकवून बस. घर काही पळून जात नाही.

आता जे लिहितेय त्यावर आकांडतांडव करू नकोस. तुझ्या बाळंतपणाला मी येत नाही.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत क्षयाचे नमुने यंत्रात गरगर फिरत होते आणि आत नळी फुटल्याचा आवाज आला. अशा वेळी यंत्र बंद करायचं, झाकणाला हात न लावता सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि आतले तुषार खाली बसेपर्यंत थांबायचं. नव्या पोरींना हे मीच घसा फोडून शिकवते. आणि मीच झाकण उघडलं. आत एका दोन वर्षांच्या पोराचा नमुना होता, उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातून काढलेला. तो तरी वाचवावा, एवढंच डोक्यात आलं. मास्क नाकावरून घसरलाय, हे नंतर कळलं. नमुना गेला तो गेलाच. पोराला पुन्हा तेच सोसावं लागलं.

वरिष्ठांना लगेच सांगितलं. आमचे डॉक्टर म्हणतात, जंतू आत गेले असले तरी आज माझ्यापासून कुणाला धोका नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी, मधे खोकला-ताप आला तर ताबडतोब कळवायचं. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. घसा खवखवला की काळजात धस्स होतं. मागच्या वेळी तू दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतलीस, ते मी पाहिलंय. या वेळी माझ्यामुळे काही झालं तर?

रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आकांडतांडव करू नकोस म्हणालीस, म्हणून आधी ते उरकून घेतलं आणि मग लिहायला बसले. ह्यांनी बिचाऱ्यांनी मुकाट्याने ऐकलं.

तुझं पत्र घेऊन मी माझ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्याही म्हणाल्या, खोकला-ताप नसेल तर बहिणीला खुशाल येऊ दे. मग तुला अडवतंय कोण?

मागचं तू काढलंस, तर ऐक. तेव्हा जो तो म्हणत होता, होईल पुन्हा, रडू नकोस. तू एकटी काही न बोलता माझ्या शेजारी आडवी झालीस. आता पोट जरा घट्ट झालं की वाटतं, हेही जाणार. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. भीती तुझी आणि शिक्षा मला, हा कुठला न्याय?

फार बोलले. लहान आहे, पोटात घाल.

तुझी,
ठमी

ता. १३ मार्च

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, ठेवून दिलं, भांडी घासली, पुन्हा वाचलं. मग डॉक्टरांना तिसऱ्यांदा तेच विचारायला गेले. ते वैतागले. म्हणाले, "बाई, थांबा म्हणतो तेव्हा तुम्ही झाकण उघडता. आता जा म्हणतोय, तर थांबताय."

उद्या निघते. मन अजून खातंय, खाऊ दे. ताप रोज बघीन. खोकला आलाच तर त्याच क्षणी घराबाहेर होईन. तेव्हा हट्ट करायचा नाही.

बाळाला उचलून घ्यायचा मला धीर होईल की नाही, सांगवत नाही. नाही झाला, तर मला न विचारता तूच माझ्या मांडीवर ठेव.

आहे तो लोभ जपून ठेव, मी पोचतेच.

तुझी भित्री,
ताई