चेहरा आढळला नाही

४ मार्च, सोमवार
ऑफिसच्या मेन गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसलं. डायरेक्टरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की मशीनच्या कामात अन्याय होत नाही ना, ते मी बघायचं. पद : एथिक्स इन-चार्ज. टेबल तेच, जिन्याखालचं. अख्ख्या ऑफिसात निःपक्षपाती माणूस मीच, हे शेवटी कुणाला तरी कळलं.
संकल्प : कुणावरही संशय घ्यायचा नाही. फक्त सगळ्यांवर लक्ष ठेवायचं.
सौ. म्हणाली, म्हणजे वॉचमनच ना?

५ मार्च
मशीन फर्स्ट क्लास. समोर उभं राहायचं, हिरवा दिवा लागतो, 'स्वागत आहे' म्हणतं, दार उघडतं. बाहेरचा चेहरा असला तर 'पाहुणे' म्हणून आत घेतं. मला पहिल्याच फटक्यात ओळखलं. (तिसऱ्या. आधी दोनदा मीच हललो.)

७ मार्च
सफाईच्या मावशींना मशीन ओळखत नाही. त्या समोर उभ्या, आणि मशीन म्हणतं, 'चेहरा आढळला नाही.' चेहरा हातभर अंतरावर होता. वॉचमननं दार उघडून दिलं, पण हजेरी मशीनच लावतं. म्हणजे दिवसभर फरशी पुसूनही मावशी गैरहजर. त्यांना समजावलं की मशीन खोटं बोलत नाही, तुम्हीच नीट उभ्या राहा. हसून बघा, असंही सुचवलं. हसल्या. नाही आढळला.
मालाच्या टेम्पोच्या ड्रायव्हरचंही तेच.
दोघंही बंदरामागच्या वस्तीतले. पणजोबांच्या काळात बोटीनं आलेली माणसं, रंगानं काळी. वंशबिंश, रंगबिंग मी मानत नाही. पण ह्या दोघांनाच का? मनात पाल चुकचुकली.

८ मार्च
सखोल विचार केला. माणूस पक्षपात करतो, कारण त्याला मेव्हणे असतात. मशीनला कुणी नाही. मग मशीन ज्यांना अडवतं, त्यांच्यातच काहीतरी काळंबेरं असणार. हे लॉजिक सौ.ला उभं राहून ऐकवलं. ती म्हणाली, तुमच्या लॉजिकपायी दूध उतू गेलं.

१३ मार्च
डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवतो आहे. पार्किंगमध्ये, खांबाआड, भर दुपारी. ड्रायव्हर टेम्पोत बसून डबा खातो आणि मध्येच फोन बघून हसतो. कशाला हसतो?
आज त्यानं खांबाकडे बघून विचारलं, साहेब, ऊन फार आहे, पाणी देऊ का? म्हणजे ह्याला सुगावा लागलाय. कसा लागला, तपास करायला हवा. पाणी घेतलं.

१८ मार्च
रंगेहाथ पकडलं! मावशी आल्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीवर साबणाच्या जाहिरातीतली बाई, गोरीपान, दात दाखवणारी. मावशींनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. मशीन म्हणालं, 'स्वागत आहे, पाहुणे!' आणि दार सताड उघडलं.
मी धावलो. हा काय प्रकार, विचारलं. मावशी म्हणाल्या, मला काय विचारता, त्या बाईला विचारा. तिला बरं घेतलं लगेच. झाडू काही ती मारणार नाही.
उद्धटपणाही नोंदवला.

१९ मार्च
रिपोर्ट दिला. विषय : बनावट चेहरा वापरून प्रवेश. भाषा कडक पण सुसंस्कृत. मशीन आणखी कडक करावं, अशी शिफारस.
मशीनवाल्या कंपनीच्या इंजिनिअर मुलीचा फोन आला. म्हणाली, सर, मशीनला शिकवताना गोरे चेहरेच जास्त दाखवलेत, काळ्या माणसांचे फार कमी, चूक आमची आहे, ह्यात त्या बाईंचा काय दोष? आणि कडक केलं तर आणखी लोक अडकतील. विचार करतो म्हटलं. पोरगी कुणाला तरी पाठीशी घालतेय. पाणी मुरतंय.

२२ मार्च
मावशींना कामावरून काढलं. गैरहजेरी आणि फसवणूक. जाताना माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. आता रडणार किंवा ओरडणार, म्हणून दोन्हींसाठी वाक्यं तयार ठेवली होती. त्यांनी फक्त विचारलं, "साहेब, मी कोण?"
म्हटलं, "मावशी."
"मग झालं," म्हणाल्या आणि गेल्या.
रात्री जेवण गेलं नाही. ऊन बाधलं असणार.

१ एप्रिल
मशीन कडक झालं. मला म्हणालं, 'चेहरा आढळला नाही.' मला! आजची तारीख बघून मोकळेपणानं हसलो. मागे रांग होती, त्यातलं कुणी हसलं नाही. वॉचमननं दार उघडलं.

२ एप्रिल
आजही तेच. संशय ड्रायव्हरवर. किंवा इंजिनिअर मुलीवर. किंवा दोघांवर.
सौ. म्हणाली, "अहो, त्या पार्किंगमध्ये उभं राहून तव्यासारखे झालात. आणि मुळात तरी काही..." सौ. वाक्य अर्ध्यात सोडते तेव्हा जास्त लागतं. तिला आठवण करून दिली की मी गव्हाळ आहे. लग्न ठरताना मामांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. ती म्हणाली, मामांना मोतीबिंदू होता.

३ एप्रिल
सौ.ची पावडर लावून गेलो. मशीननं ओळखलं नाही. वॉचमननंही ओळखलं नाही.

५ एप्रिल
टेम्पोतून, मालाच्या गेटनं आत गेलो. खोक्यांमध्ये बसून. ड्रायव्हरनं काही विचारलं नाही. डोकं सांभाळा, एवढंच म्हणाला. हा माणूस नेमका कशासाठी इतका चांगला वागतोय, हे शोधायला हवं.
वर डायरेक्टर भेटले. हात मिळवला, चौकशी केली, बरं नाही का, आठवडाभर गैरहजर दिसताय. म्हटलं, सर, मी हा तुमच्यासमोर उभा आहे. ते म्हणाले, ते दिसतंय हो, पण सिस्टिममध्ये नाही.
पटवून देताना घसा बसला. मग एकदम मावशी आठवल्या. का, कोण जाणे.

९ एप्रिल
इंजिनिअर मुलगी कॅमेरा घेऊन आली. मशीनला नव्यानं शिकवायचं, म्हणून नमुन्याचे चेहरे हवेत. मला म्हणाली, सर, तुम्ही गडद गटात बसा. तिची चूक सौम्य शब्दांत दाखवून दिली. तिनं रंगांच्या पट्ट्या काढल्या आणि माझ्या गालाला लावून बघितल्या. मग ड्रायव्हरच्या.
ड्रायव्हर माझ्यापेक्षा एक पट्टी उजळ निघाला.
त्यानं बाकावर सरकून जागा दिली. बसलो. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, वर बघा. फोटो काढून झाल्यावर मुलीला हळूच विचारलं, मग त्या पिशवीच्या भानगडीत मावशींचा खरंच काही... ती म्हणाली, सर, मी तेव्हाच फोनवर सांगितलं होतं.

१२ एप्रिल
मशीन आता दोघांनाही ओळखतं, मला आणि ड्रायव्हरला. डायरेक्टर म्हणाले, मावशींना परत बोलवा. पत्र न पाठवता स्वतः जायचं ठरवलं.
संकल्प : मोठं मन दाखवायचं. त्या गहिवरल्या तर त्यांना सावरायचं.

१३ एप्रिल, शनिवार
मावशी आता लहान मुलांच्या एका शाळेत असतात, फाटकावर. लोखंडी फाटक, आतून कडी. मी सगळं सांगितलं. मशीन सुधारलं, जागा रिकामी आहे, रिपोर्ट मी मागे घेतला.
"आता ओळखतं का ते?" म्हणाल्या. "बरं झालं. नव्या बाईला त्रास नको."
मी म्हटलं, नवी बाई नाही, तुम्हीच या. त्या म्हणाल्या, इथं बरं आहे. कोण आलंय ते मी बघते आणि दार उघडते.
तयार केलेली वाक्यं होती, ती काही आठवेनात. "मावशी, माझं जरा..." एवढं म्हणालो, तोवर घंटा झाली. त्यांनी कडी काढली.
"साहेब, जरा बाजूला होता का? पोरं सुटतायत."
बाजूला झालो. पोरं बराच वेळ सुटत होती.
घरी सौ.नं विचारलं, काय म्हणाल्या? सांगितलं, कामात होत्या.
खरंच होत्या.