डोंगरावरचा धूर

अबरार,

मारियाला पुन्हा धाप लागलीय, रिक्षाने दवाखान्यात नेतेय. तिचा श्वासाचा पंप संपलाय, नवा घेऊनच तिकडे या.

सकाळी मोबाइलमध्ये हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघून तुम्ही म्हणालात, "आकडा चांगला आहे, खिडक्या उघड." तो आकडा लांबच्या कुठल्या यंत्राचा असतो, हे डॉक्टरांनी परवाच सांगितलं होतं. नेरे गावापलीकडचा डोंगर चार दिवस जळतोय. वारा फिरला की धूर आपल्याकडे येतो. जळका वास मलाही येत होता. तरी खिडक्या मीच उघडल्या, कारण तुमच्याशी पुन्हा वाद नको होता.

पोर आत्ता विचारतेय, "अम्मी, धूर जाईपर्यंत श्वास धरून ठेवू?"

झुबेदा