डावीकडची खुर्ची

ओस्नाब्रूक, ४ ऑगस्ट २००३

ती. रोस्विठा आत्यास,
गेजाचा सा. न. वि. वि.

उन्हाने इकडे जीव नकोसा केला आहे. बाबा दिवसभर आपल्या थिएटरच्या तळघरात जाऊन बसतात. ऐंशीव्या वर्षी इतक्या पायऱ्या उतरू नका असं डॉक्टर म्हणाले, तर बाबा म्हणाले, बरं, मग वर येतच नाही.

ऑक्टोबरात थिएटरला पन्नास वर्षं पुरी होतील. स्मरणिका माझ्या गळ्यात पडली आहे. त्रेपन्न साली तुम्ही भावाबहिणीने बियाण्याच्या व्यापाऱ्याचं तळघर घेतलंत, शाळेची बाकं आणून ब्याऐंशी माणसं बसवलीत, इथवर लिहून झालं. अडले आहे ते चौऱ्याहत्तर सालापाशी. दीपगृहाच्या रखवालदाराचं ते नाटक. शेवटच्या स्वगतात बाबा गप्प झाले आणि पाऊण मिनिट गप्पच राहिले. वर्तमानपत्रांनी त्या शांततेला डोक्यावर घेतलं, बाबांनी ती दर प्रयोगात ठेवली, लोक लांबून ती बघायला आले आणि बुडत चाललेलं थिएटर तरलं. बाबा अजून दर वाढदिवसाला सांगतात, की आपण वाक्य विसरलो होतो, आणि प्रॉम्प्टर म्हणून विंगेत बसलेली बहीण रागाने मुद्दाम गप्प राहिली. तिच्या रागाने आपल्याला मोठा नट केलं. सगळे हसतात. तुला त्यांनी त्याच संध्याकाळी काढून टाकलं आणि तू पुन्हा इथे पाऊल टाकलं नाहीस, हे मात्र कोणी बोलत नाही.

हे असंच छापू का? आणि आणखी एक. आईच्या वहीत चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात, त्या प्रयोगानंतर लगेच, एक नोंद आहे: प्रॉम्प्टरची खुर्ची डावीकडून उजवीकडे हलवली, वारा लागतो म्हणून. अगं, डावीकडे तर नुसती भिंत आहे. दार उजवीकडे, वारा येतो तोही तिकडूनच. मग हे काय?

पत्राला उत्तर धाड, आणि माया आहे तशी राहू दे.

तुझी,
गेजा

*

कुक्सहाफेन, ११ ऑगस्ट २००३

चि. गेजास,
अनेक आशीर्वाद.

तुझे वडील इतिहास सांगू लागले की खुर्च्या आपोआप भरतात. ब्याऐंशी ही जागांची संख्या. पहिल्या दिवशी माणसं एकोणीस होती, त्यांतली सहा घरची. आणि बाकं शाळेची नव्हती, चर्चची होती. त्यामुळे लोक पहिला अंकभर ताठ बसत आणि खोकायचं झालं तर माफी मागत.

आता तुझ्या चौऱ्याहत्तर सालाचं. प्रॉम्प्टरच्या वहीत प्रत्येक नटाचे पॉज पेन्सिलीने खुणावलेले असतात. नट विसरला तर वाक्य सांगायचं. मुद्दाम थांबला असेल तर जीभ चावून बसायचं. पॉजमध्ये वाक्य सांगणं हे आमच्यातलं सर्वांत मोठं पाप. त्या प्रयोगाआधीच्या रविवारी तुझ्या वडिलांच्या पॉजमध्ये माझ्या हातून ते घडलं. एगोनने सगळ्यांदेखत मला सुनावलं, की घरी बस आणि मोजे विण. गुरुवारी ती शांतता झाली. राग यायला एवढं कारण पुरे नाही का?

आहे तसं छाप. वाऱ्याचं विचारशील, तर तुझ्या आईला बंद कपाटातसुद्धा वारा लागायचा.

इथे समुद्रामुळे बरं आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते माझ्यावरच गेले आहेत. जेवणाची हेळसांड करू नकोस. म्हातारीवर लोभ ठेव.

तुझी,
रोस्विठा आत्या

*

ओस्नाब्रूक, १८ ऑगस्ट २००३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल मी नोल्टिंगबाईंकडे कॉफीला गेले होते. पहिल्या रांगेतली चार नंबरची खुर्ची गेली चाळीस वर्षं त्यांची आहे. आता एक्याण्णव वर्षांच्या आहेत, पण आलुबुखाराच्या केकचे दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा माझ्या बशीतून उचलला.

मी तुझ्या रागाचा विषय काढला, तर बाई माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, कसला राग घेऊन बसली आहेस, पोरी? तिने तीनदा वाक्य सांगितलं. मी माझ्या कानांनी ऐकलं. तिसऱ्यांदा तर मलाच ते पाठ झालं. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? म्हणाल्या, आम्ही तिकीट काढून येतो, आत काय चाललंय ते बाहेर सांगायला येत नाही.

आत्या, वीस सप्टेंबरला मजकूर छापखान्यात जातो. खोटं आहे हे कळल्यावर मी ते तुझ्या नावावर छापणार नाही. तू सांगितलं नाहीस तर ते पान कोरं जाईल. राग मानू नकोस, आणि मानलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
गेजा

*

कुक्सहाफेन, २४ ऑगस्ट २००३

चि. गेजास,
आशीर्वाद.

नोल्टिंगबाई खरं बोलतात. आता एकदाच सांगते, पुन्हा विचारू नकोस.

त्या गुरुवारी एगोन थांबला, तिथे वहीत पॉजची खूण नव्हती. मी पाच मोजले आणि वाक्य सांगितलं. मग मोठ्याने सांगितलं. तिसऱ्यांदा आणखी मोठ्याने, पहिल्या रांगेपर्यंत जाईल असं. तो माझ्यापासून चार हातांवर होता, तोंड प्रेक्षकांकडे, डावा कान माझ्याकडे, आणि त्याचा चेहरा हलला नाही. रविवारी तो पाठमोरा होता, उजवा कान माझ्या बाजूला होता, म्हणून त्याला ऐकू आलं होतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की याचा डावा कान गेला आहे आणि याला स्वतःलाही ते ठाऊक नाही.

पडदा पडल्यावर तो माझ्यावर धावून आला. म्हणाला, तू दगा दिलास. मी सांगू शकले असते. पण कान गेलेल्या नटाला रंगमंचावर कोण उभं करतं? आणि एगोनवाचून थिएटर कसलं? रुसलेली बहीण मात्र कुठल्याही घरात खपून जाते. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तुझ्या आईला गाठून म्हटलं, खुर्ची उजवीकडे घे, काय वाटेल ते कारण सांग. तिने वारा सांगितला. ती फार हुशार बाई नव्हती, पण शब्दाची पक्की होती.

हे छापायचं नाही आणि त्याला सांगायचं नाही. म्हातारपणी त्याची सर्वांत मोठी संध्याकाळ मोडू नकोस. मला सवय आहे.

तुझ्यावर माझा जीव आहे, एवढं लक्षात असू दे.

तुझी,
आत्या

*

ओस्नाब्रूक, ३ सप्टेंबर २००३

रोस्विठा,

आशीर्वाद लिहायला मला तोंड नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

गेजाने मला काही सांगितलं नाही, तुझा शब्द मोडलेला नाही. तिने फक्त तुझं पत्र टेबलावर उघडं ठेवलं आणि ब्रेड आणायला गेली. बेकरी समोरच आहे. ती दीड तासाने आली.

तू ज्यापासून मला वाचवलंस ते मला माहीत होतं. पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत मी कान दाखवून आलो, दुसऱ्या गावी, कोणी ओळखू नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, डावा कान जाऊन दोन वर्षं तरी झाली असावीत. परतताना आगगाडीत सगळं समजलं, की तू वाक्य सांगितलं होतंस. वहीत वारा लिहिणारी माझी इल्झं म्हणाली, आजच बहिणीला पत्र लिहा. मी म्हटलं, उद्या. तेव्हा आपल्याकडे महिना महिना आधी तिकिटं संपत होती. बहिणीने दगा दिला, ही गोष्ट लोकांना आवडली होती. नट बहिरा आहे, ही आवडली नसती.

सांगून सांगून मलाच ते खरं वाटू लागलं, असं लिहिणार होतो. पण तसं नाही. दर वेळी हसताना मला ठाऊक होतं.

अकरा ऑक्टोबरला थिएटरच्या पन्नाशीच्या समारंभाला येशील का? लोभ असावा असं म्हणायचा हक्क माझा उरलेला नाही. तरी म्हणतो.

एगोन

*

कुक्सहाफेन, ८ सप्टेंबर २००३

ती. एगोन यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला संताप आला. एकोणतीस वर्षं मी समजत होते, की मी तुला काहीतरी दिलं आहे आणि तुला त्याचा पत्ता नाही. त्यावर मी जगले. शेजारणींच्या मुलांची बारशी, वाढदिवस पाहिले आणि माझ्या भाचीला फोटोत मोठी होताना पाहिलं, कारण तुझं थिएटर चालायला हवं होतं. इल्झंच्या मातीलासुद्धा मी आले नाही. आणि तू पंचाहत्तरच्या फेब्रुवारीपासून जाणून होतास.

स्मरणिकेत छापून हे भागणार नाही. छापलेलं लोक चाळतात आणि पिशवीत टाकतात. अकरा तारखेला तू उभा राहा आणि नोल्टिंगबाईंसकट सगळ्यांसमोर तुझ्या तोंडाने सांग, की माझ्या बहिणीने तीनदा सांगितलं होतं. ते ऐकायला मी येईन. मग तुझ्या घरी जेवेन. त्याआधी पाणीसुद्धा घेणार नाही.

लोभाचं विचारतोस. तो एक दिवसही कमी झाला नाही, एगोन. झाला असता तर मी त्याच संध्याकाळी खरं बोलले असते.

तुझी धाकटी बहीण,
रोस्विठा