कुटुंबप्रमुखाने ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबावे

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, दुपारची चहाची वेळ (चहा अजून नाही, कारण खाली येईल)

आमचे एकुलते एक मेहुणे शिवराजराव यांना,

दाजींचा सप्रेम नमस्कार. इकडं सगळे धडधाकट आहेत, तिकडंही असावेत. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? (तुमच्या मोटारपंपाच्या दुकानात प्रत्येक सामानाला तेल मिळतं, फक्त मालकाच्या गुडघ्याला मिळत नाही, असं तुमची अक्का म्हणते.) सौ. मंजुषाबाईंना सांगा, ठेचा संपला, बरणी धुऊन ठेवली आहे, ज्याला जे समजायचं ते समजावं. फोन का नाही केला म्हणाल, तर तुम्ही फोन उचलला की आधी स्पीकर लावता, आणि बाजाराच्या दिवशी तर आख्खं कन्नड आमच्या घरातलं ऐकत उभं राहतं. म्हणून हे पत्र कडुबा जीपवाल्याच्या हाती देतोय. पाकीट फोडलेलं दिसलं तर त्याला चहा पाजू नका.

आता शिवराजराव, खुर्चीत नीट बसून वाचा. परवा संध्याकाळी मी औरंगपुऱ्यातून भाजी घेऊन आलो, दारात चपला काढतोय, तेवढ्यात आतून तुमच्या अक्काचा आवाज, “मागून ये! अरे मागून! गाठ त्याला, सोडू नको त्या मुडद्याला!” माझ्या हातातली मेथी तिथंच पडली. अहो, ही बाई लग्न होऊन आली तेव्हापासून पाहुण्यांना ‘चहा ठेवू का’ हे इतकं हळू विचारते की कित्येक पाहुणे बिनचहाचे परत गेले आहेत. मला वाटलं घरात चोर शिरला. मी शेजारच्या बद्रीनाथला हाक मारली. तो गडी धावत आला, हातात काय, तर फरशी पुसायचा वायपर. (त्याला काठी सापडली नाही म्हणे.) दोघं आत घुसलो. बघतो तर दिवाणावर तुमची अक्का, पदर खोचलेला, कानावर विमान चालवणाऱ्यासारखं यंत्र, हातात आमच्या चिरंजीव सुयशच्या त्या खेळाच्या डब्याचा रिमोट, आणि टीव्हीवर एक बंदूकवाला भिंतीआड दबा धरून बसलेला. त्या बंदूकवाल्याच्या डोक्यावर नाव झळकत होतं, ‘सुलेखा कन्नडकर’. इतकी वर्षं माझं आडनाव लावून रेशन घेतलं, गॅस घेतला, आणि बंदूक हातात आल्यावर माहेरचं गाव लावलं? बद्रीनाथ वायपर मांडीवर घेऊन खेळ संपेपर्यंत बघत बसला आणि जाताना मलाच विचारतो, रोज असतं का?

तर रोज असतं. मला पत्ता नव्हता, कारण मी त्याच वेळेला निवृत्त मंडळींच्या कट्ट्यावर हल्लीची पिढी कशी वाया गेली यावर बोलायला जातो.

हा डबा कुठून आला ते तुम्हाला माहीतच आहे. आमच्या चिरंजीवांनी वाळूजच्या कारखान्यातल्या पहिल्या पगारात घेतला. ती नोकरी मी किती उंबरे झिजवून लावून दिली होती, तेही तुम्हाला माहीत आहे. ती सोडून पठ्ठ्या जूनमध्ये पुण्याला गेला, कशाला, तर गेम तपासायला! म्हणजे दिवसभर खेळायचं, कुठं चुकलंय ते शोधायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. मी उभा जन्म पाटबंधारे खात्यात काढला, कालवा कुठं फुटलाय ते शोधलं, पण कालव्यात पोहायचा पगार मला कोणी दिला नाही. तेव्हा मी दारात उभा राहून जे म्हणालो ते म्हणालो. आता या घरात पाय ठेवू नको, असं म्हणालो. बापाला तेवढा अधिकार असतो. तोही माझाच मुलगा, पाय ठेवला नाही. फोनवर आईला ‘जेवलो, बरा आहे, ठेवतो’ एवढंच, आणि मला तर तेवढंही नाही.

दुसरा धक्का वर्गणीचा. या डब्यावर इतरांबरोबर खेळायचं तर दरमहा वर्गणी द्यावी लागते. (गणपतीची वर्गणी मागायला निदान पोरं तरी दारात येतात, वाद घालता येतो. ही आपोआप खात्यातून जाते.) मी म्हटलं, बरं सापडली! आता खर्चावरून बोलतो. तर तुमच्या अक्कानं मला असं काही ऐकवलं की मी बँकेत तिला पाठवायला हवं होतं असं वाटलं. म्हणे, महिन्याची घेतली तर महाग, वर्षाची एकदम घेतली तर स्वस्त, आणि दसऱ्याच्या सेलमध्ये घेतली तर त्याहून स्वस्त. आणि घेतल्या-घेतल्या लगेच रद्द करून ठेवायची! मी म्हटलं, अगं, रद्द केली तर पैसे पाण्यात! तर म्हणाली, नाही हो, वर्षभर चालूच राहते, फक्त पुढच्या वर्षी आपोआप कापत नाहीत. मग कंपनीला धाकधूक लागते आणि ती सवलत घेऊन आपल्या मागे येते. बाजारात वांगी महाग सांगितली की पिशवी उचलून चार पावलं चालायचं, मग भाजीवालाच ओरडतो, ‘ओ मावशी, या इकडं’, तसंच. शिवाय गेम एकही विकत घ्यायचा नाही. वर्गणीत शेकडो फुकट असतात, त्यातले काही महिनाअखेरीला काढून टाकतात, ते आधी खेळून घ्यायचे. (आमच्याकडं पिकलेली केळी आधी संपवतात, हिरवी नंतर, हा नियम आता बंदुकांनाही लागू आहे.) बोलायला गेलो होतो आणि ऐकून आलो.

त्यातून कळलं की एक फॅमिली प्लॅन असतो. एक कुटुंबप्रमुख आणि खाली चार माणसं, खर्च एकाचाच. प्रमुख म्हणून तुमच्या अक्कानं माझंच नाव टाकलं होतं. (मला न विचारता. पण टाकलं ते योग्यच टाकलं, घरात प्रमुख कोण आहे?) खाली तिचं आणि सुयशचं नाव, आणि दोन जागा रिकाम्या. शिवराजराव, पैसे भरलेल्या दोन जागा रिकाम्या! मला चैन पडेना. एक जागा फर्दापूरच्या पारूबाई आत्याला दिली, कारण घरात कुठलंही कार्य असो, पहिली अक्षत त्यांची. त्यांना न विचारता दुसऱ्याला दिलं असतं तर त्या पुढची सगळी लग्नं तोंड फिरवून बसल्या असत्या. त्यांच्याकडं टीव्ही नाही, फोन आहे तो बटणांचा, पण मान तो मान. दुसरी जागा तुम्हाला दिली, कारण आमच्या वास्तुशांतीला मानाची टोपी लहान आली म्हणून तुम्ही जेवण न करता कन्नडची गाडी पकडली होती, ते मी विसरलेलो नाही. तुम्ही ‘स्वीकारतो’ हे बटण दाबून आतापर्यंत त्याचं काय केलं ते तुम्हालाच माहीत.

आता मुख्य धक्का. काल संध्याकाळी मी कट्ट्यावर गेलोच नाही, घरीच दबा धरून बसलो. पाच वाजले, अक्का यंत्र कानाला लावून बसली आणि बोलायला लागली. कुणाशी? बंदूक चालवता चालवता जेवणाच्या डब्याला काय दिलं, मेसची भाजी कशी आहे, अंगावरचं पुरळ गेलं का! मी विचारलं, कुणाशी बोलतेस? तिनं यंत्राची तार उपटली, आणि टीव्हीतून सुयशचा आवाज आला. अहो, जो मुलगा फोनवर पुरती तीन वाक्यं बोलत नाही, तो तासभर बडबडत होता. रूमवरचा पोरगा घोरतो, साहेब चांगला आहे, पावसात बूट गेले, सगळं सांगत होता. रोज सांगतो म्हणे. खेळताना बोलतो, समोरासमोर बसवलं की बोलत नाही. ही बाई लढाई शिकली ती एवढ्यासाठी, आणि मला सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात तो म्हणाला, “आई, अप्पांची शुगर तपासली का?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बरी आहे.” सुयशचा बंदूकवाला मैदानाच्या मधोमध उभाच राहिला, हलेना. समोरच्यानं टिपला की हो त्याला! गुडघ्यावर पडला, रांगायला लागला. अक्कानं रिमोट माझ्या हातात कोंबला, म्हणाली, उचला त्याला, पोराजवळ जा आणि चौकोनाचं बटण दाबून धरा. का दिला असेल तो माझ्याकडं? ती तर डोळे मिटूनही गेली असती. मी निघालो. आधी भिंतीवर आपटलो, मग नाल्यात पडलो. (पाटबंधाऱ्याचा माणूस, नाल्यातच जाणार.) बाहेर आलो तर आभाळच दिसायला लागलं. आणि टीव्हीतून पोरगा हळूच बोलायला लागला, “अप्पा, खाली बघा. आता उजवीकडं. अजून. लई नाय, थोडंच. व्हय, आता सरळ या.” मी सरळ गेलो. चौकोन दाबून धरला. तिथं एक गोल भरत जातो, तो भरेपर्यंत सोडायचं नसतं. भरला, आणि तो उठून उभा राहिला. जून महिन्यापासून आमचं बोलणं झालं ते एवढंच, उजवीकडं आणि सरळ. मला गहिवरून आलं, आणि मी ते खोकल्यावर ढकललं.

आणि आज सकाळी कंपनीची मेल! फॅमिली म्हणजे एका छताखाली राहणारे, तुमची माणसं वेगवेगळ्या गावांतून दिसतात, असं म्हणतात. खाली सगळ्यांची नावं, आणि प्रत्येक नावापुढं प्रश्न, ही व्यक्ती तुमच्या घरात राहते का, कुटुंबप्रमुखाने ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबावे. ‘नाही’ दाबलं की ते नाव कुटुंबातून कमी. पहिलंच नाव सुयशचं. म्हणजे मी जूनमध्ये जे दारात बोललो, ते आता ही परकी कंपनी मला लेखी विचारत होती! अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चहा गॅसवर उतू गेला, तरी हलली नाही. मला इतका संताप आला की काय सांगू. माझा मुलगा माझ्या घरचा आहे की नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? त्याची सायकल इथं, त्याची गादी इथं, त्याची बारावीची पुस्तकं माळ्यावर, रद्दीवाल्याला मी दोनदा परत पाठवलाय. मी ‘हो’ दाबलं. जोरात दाबलं. अक्का आत गेली आणि नाक पुसायला लागली, आणि चहा काही आलाच नाही.

तात्पर्य, हा डबा घरात आल्यापासून माणसाच्या जिवाला स्वास्थ्य नाही. तुम्ही शहाणे असाल तर असलं काही घेऊ नका. मी तर आता हे सगळं बंदच करायच्या विचारात आहे. पोरांना नमस्कार शिकवा, आशीर्वाद आमच्याकडून. कळावे.

तुमचा वडीलकीचा पण सध्या बिनचहाचा दाजी,
राजेंद्र

ता. क. तुम्हाला कुटुंबातून काढलं आहे. रुसू नका. सगळ्यांपुढं ‘हो’ दाबलं असतं तर कंपनीला संशय आला असता. दोघांना ‘नाही’ म्हटलं की माणूस प्रामाणिक वाटतो. पारूबाई आत्यांनाही काढलंय, पण त्यांना हे सांगू नका. त्यांना आपण आत होतो हेही अजून नीट कळलेलं नाही.

ता. क. २. पत्र लिहायचं खरं कारण आता लिहितो. सुयश तुमचं ऐकतो. त्याला फोन करा आणि सांगा, कंपनीचा नवा नियम आला आहे, फॅमिलीतल्या माणसानं महिन्यातून एकदा प्रत्यक्ष घरी येऊन, घरच्याच टीव्हीसमोर बसून खेळलं पाहिजे, नाहीतर सगळ्यांची वर्गणी बुडते, आणि आईची तर वर्षाची भरलेली आहे. मी सांगितलं म्हणू नका. (असा नियम नाही. मी सगळे वाचलेत, चष्मा पुसून पुसून.)

ता. क. ३. पोरगा याच धंद्यातला आहे, त्याला सगळे नियम पाठ आहेत. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला कळेल की हे खोटं आहे आणि कुणाचं आहे. हसेल. हसू द्या. हसून झालं की एवढंच विचारून घ्या, पुण्याच्या बसमधून बाबा पेट्रोल पंपाच्या थांब्यावर उतरतो की सेंट्रल स्टँडवर. मी तिथं उभा राहीन.