सिनेटर ट्वाइट आणि रुडीचा कोट

अग्निशमन ठाणं क्रमांक एक (क्रमांक दोन अजून व्हायचंय),
टामारॅक हिल
शनिवार, सकाळ

तीर्थस्वरूप अर्व्होमामा यांस,

टिल्डाचा नमस्कार. तुम्ही बरे असाल असं मी धरून चालते, कारण बिघडलं असतं तर लेम्पीमामींनी आईला सांगितलं असतं आणि आईने गावाला. मूत्राशयाची या वेळची तपासणी स्वच्छ आली हे कळलं, फार बरं वाटलं. मामींचा गुडघा कसा आहे? त्यांनी पाठवलेला वेलदोड्याचा पुल्ला पाव ठाण्यात पोचला तेव्हा मी बाहेर होते, आणि परत आले तेव्हा रिकामी पिशवी शिल्लक होती. पण त्या पिशवीच्या वासावरूनसुद्धा मी सांगते, उत्तम झाला होता.

तर मामा, आपण जिंकलो. निदान पहिली पायरी तरी. तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेलच, पण त्या बातमीत खरं एवढंच आहे की समितीची बैठक गुरुवारी झाली. बाकीचं मी सांगते.

युनियनने राजधानीला जायला मला निवडलं, कारण मला बोलता येतं, आणि रुडी प्रेबिचला निवडलं, कारण त्याच्याकडे ट्रक आहे आणि तो बोलत नाही. (तुम्ही निवृत्त झालात त्याच वर्षी लागला तो. सहा फूट चार इंच. चार वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं तेव्हा 'हो' एवढं म्हणायलाही त्याने वेळ घेतला होता.) मागण्या तुम्हाला पाठ आहेत, तुमच्याच काळातल्या आहेत: प्रत्येकाला आगीच्या पोशाखाचा दुसरा जोड, वर्षाला एक कॅन्सरची तपासणी, आणि आजारी पडलेल्या माणसाला 'कुठल्या आगीमुळे झालं ते सिद्ध करा' हे विचारणं बंद. युनियनच्या वरच्या ऑफिसने सूचना दिली होती की आमदारांना दाखवायला एक नवा कोरा पोशाख आणा, म्हणजे त्यांना हात लावून बघता येईल. आता नवा पोशाख असता तर आम्ही राजधानीला कशाला निघालो असतो, हा प्रश्न वरच्या ऑफिसला पडला नाही. रुडीने स्वतःचाच भरला. मंगळवारी गाद्यांच्या दुकानाला आग लागली होती, तिच्यात तो तीन तास होता. त्यानंतर दोनदा धुतला होता. पण ट्रकमधला हीटर लावल्यावर दहाव्या मैलाला त्या पिशवीतून जळक्या गाद्या अशा काही जाग्या झाल्या की पुढचे दोनशे मैल आम्ही उणे वीसच्या थंडीत काचा खाली करून गेलो. राजधानीत उतरलो तेव्हा माझ्या भुवया कडक झाल्या होत्या आणि मी पाठ केलेल्या वीस मिनिटांच्या भाषणातला मधला भाग गोठून पडला होता.

समितीचे अध्यक्ष सिनेटर गॉर्डन ट्वाइट. दक्षिणेकडचे साखरबीटवाले शेतकरी, बुटके, गोल, आणि सरकारचा डॉलर खर्च करताना स्वतःच्या दाढेतून काढल्यासारखा चेहरा करणारे. त्यांचा विरोध जगजाहीर होता. त्यांच्या केबिनबाहेर मिस बर्डीन नावाच्या सेक्रेटरीबाई बसतात. साठीच्या असाव्यात, केस लोखंडासारखे. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, नाकाने एक श्वास घेतला, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "साहेबांकडे सात मिनिटं आहेत. एक वाजता समिती."

मी भाषण सुरू केलं. दुसऱ्याच मिनिटाला सिनेटरनी हात वर केला.

"हे बघा बाई, कोट म्हणजे कोट. माझा गोठ्यातला कोट अकरा वर्षं चाललाय. तुम्हाला दोन-दोन कशाला?"

मामा, तुम्ही मला लहानपणापासून ओळखता. मी म्हटलं, "साहेब, एकदा घालून तर बघा."

त्यांना वाटलं असावं की नाही म्हटलं तर भ्यालो असं दिसेल. ते उठले. पाटलोण घातली, ती त्यांच्या काखेपर्यंत आली. बूट घातले, त्यात त्यांचे गुडघे बुडाले. कोट घातला, त्यात ते स्वतःच बुडाले. मग रुडीने, आपण नव्या माणसाला तयार करतो तशा मायेने, खालपासून गळ्यापर्यंत एका झटक्यात चेन ओढली. तिने गळ्याशी सिनेटरांचा टाय धरला. रुडीने खाली ओढली. हलेना. जोर लावला. चेनची कडी त्याच्या हातात आली.

(रुडीच्या जोराबद्दल ठाण्यात आजवर कौतुकच झालं होतं.)

त्यानंतरच्या पाच मिनिटांचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगते की राज्याच्या एका सिनेटरला मी आणि रुडीने डोक्यावरून सोलून काढायचा प्रयत्न केला, आणि ते आतून असे काही शब्द बोलले जे मी याआधी फक्त तुमच्या तोंडून ऐकले होते, शिडी पायावर पडली तेव्हा. मिस बर्डीन दारात येऊन उभ्या राहिल्या. "एक वाजला, साहेब."

"कात्री आणा!" मी म्हटलं.

"टायला हात लावायचा नाही," सिनेटर म्हणाले. "बायकोने दिलाय. चाळीस वर्षं झाली लग्नाला."

"मग कोट कापू."

आणि मामा, इथे रुडी बोलला. घर सोडल्यापासूनचं त्याचं पहिलं वाक्य. "कोट नाही कापायचा. उद्या सकाळी माझी ड्युटी आहे. दुसरा नाहीये."

सिनेटरनी मान जेवढी वळत होती तेवढी वळवून त्याच्याकडे पाहिलं. माझ्या वीस मिनिटांच्या भाषणात हेच होतं, पण चौदाव्या मिनिटाला.

तर सिनेटर ट्वाइट समितीत तसेच गेले. हेल्मेट मात्र आम्ही आग्रह करूनही घातलं नाही. आमचा विषय यादीत शेवटचा, आणि त्याआधी शेतातल्या पाण्याच्या चरांवर दोन तास चर्चा. खोलीत हीटर भट्टीसारखा. पहिल्या अर्ध्या तासात सभासद गालात हसत होते. दुसऱ्या अर्ध्या तासात शेजारच्या सभासदबाईंनी खुर्ची एक हात सरकवली, मग आणखी एक हात. तिसऱ्यात कुणीतरी खिडकी उघडा म्हणालं. सिनेटर लालबुंद झाले होते, घाम नाकावरून कागदांवर टपकत होता, पण माणूस उठला नाही. विरोधक असला तरी मी मनातल्या मनात त्याला ठाण्यात भरती करून टाकला.

आमची पाळी आली. मी माइकसमोर उभी राहिले आणि भाषणाचा पहिला शब्द आठवेना. पण त्याची गरजच पडली नाही. सिनेटरनी शर्टाच्या कॉलरच्या आत बोट घातलं, बाहेर काढलं आणि वर धरलं. काळंकुट्ट.

"हा धुतला होता ना तुम्ही?"

"दोनदा, साहेब."

"मग हे काय आहे?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागून रुडी म्हणाला, "ते आत जातं."

"आत म्हणजे कुठे?"

रुडीने स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. मग छातीवर. मग खाली बसला. तेवढ्यावर त्याचे शब्द संपले होते.

मग मी बोलले. कागद न बघता. आपल्या एका ठाण्यातल्या कॅन्सर झालेल्यांची चार नावं सांगितली, कोण आहेत आणि कोण नाहीत तेही. तुमची गोष्टही सांगितली, मामा, न विचारता, त्याबद्दल माफी. भरपाईच्या मंडळाने तुम्हाला विचारलं होतं की तीस वर्षांतल्या नेमक्या कोणत्या आगीने तुम्हाला हा रोग दिला, आणि तुम्ही म्हणाला होतात, "यादी द्या, एक निवडतो." खोली खो खो हसली. मग त्यांना कळलं की तुमचा अर्ज खरंच त्याच उत्तरावर फेटाळला गेला. हसणं जिथल्या तिथे थांबलं. पाण्याच्या चरांवाले दोघं अजून मागे बसून होते, त्यातल्या एकाने टोपी काढली.

सात विरुद्ध दोन. पुढच्या महिन्यात विधेयक पूर्ण सभागृहात जातंय, आणि तिथेही होईल, लिहून ठेवा. सातवं मत देताना सिनेटरनी हात वर केला तेव्हा बाही एवढी मोठी की हात दिसेचना, नोंद करणाऱ्याला दोनदा विचारावं लागलं.

सुटका कशी झाली ते राहिलंच. केबिनमध्ये परतल्यावर मिस बर्डीननी टेबलावरची पेन्सिल उचलली, चेनच्या दातांवर शिसं घासलं, कागदांच्या पिना उपटायच्या चिमट्याने चेनचा सरकता तुकडा धरला आणि अर्ध्या मिनिटात चेन खाली. टायला सुरकुतीसुद्धा नाही. सिनेटर थेट नळाखाली डोकं धरायला गेले. मी बाईंना म्हटलं, एवढं सोपं होतं तर एक वाजताच का नाही केलंत?

"एक वाजता मला कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. मग पेन्सिलीला टोक काढत म्हणाल्या, "माझे वडील सव्वीस वर्षं आगीवरचा असाच कोट घालून घरी यायचे, आणि मी पळत जाऊन त्याला मिठी मारायचे. म्हटलं, साहेबांना दोन तास घालू दे."

परत येताना आम्ही पिशवी ट्रकच्या मागच्या उघड्या भागात टाकली, तरी काचा खालीच ठेवाव्या लागल्या. मध्ये एका ढाब्यावर मटणाचं सारण सांगून बटाट्याचंच सारण भरलेली पॅस्टी मिळाली, पण त्या दिवशी मला बटाटाही गोड लागला. शंभराव्या मैलाला रुडी म्हणाला, "चांगला माणूस आहे." कोण, ते त्याने सांगितलं नाही.

मामींना सप्रेम नमस्कार. आईला हे पत्र दाखवलंत तर फक्त इथपर्यंतच दाखवा.

तुमची भाची,
टिल्डा

ता. क. : रुडीच्या कोटाला ठाण्यात नवी कडी बसवली. शुक्रवारी तो त्याच कोटात गॅरेजच्या आगीवर गेला. दुसरा यायला अजून वर्ष तरी जाईल.

ता. क. २ : सभागृहात मतदानाच्या दिवशी तुम्ही सज्जात येऊन बसावं असं युनियनला वाटतं. मी 'येतील' असं कळवून टाकलंय. काही बोलायचं नाही, फक्त दिसायचंय. शक्यतो रागात असल्यासारखं.

ता. क. ३ : पत्र खरं तर यासाठी लिहायला घेतलं होतं आणि मग कोटावरच घसरले. माझ्या गळ्याला उजव्या बाजूला एक गाठ आहे. महिना झाला. रुडी सोडून कुणाला माहीत नाही, आणि रुडी म्हणजे कुणालाच नाही. येत्या मंगळवारी दहा वाजता तुमच्याच हॉस्पिटलात तुकडा काढून बघणार आहेत. मी घाबरलेली वगैरे नाही, पण तिथलं कुठलं दार, कुठली लिफ्ट, आणि थांबताना कुठल्या मशीनची कॉफी पिण्यासारखी आहे, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. याल का सोबत? आईला सांगू, तळ्यावर बर्फ फोडून मासे धरायला चाललोय. ती संध्याकाळी मासे मागेल, ते येताना दुकानातून घेऊ.