हट्टीबाहेरची झोपडी

मारेहट्टी,
११ जानेवारी १९९६

ती. सिद्दक्कास,
करियम्माचा सा. न. वि. वि.

बंगळूरला भावजी बरे ना? मी हट्टीबाहेरच्या, सगळ्या घरांपासून लांबच्या झोपडीतून लिहितेय. पत्र दगडावर ठेवीन, मग आमचे हे त्यावर गोमूत्र शिंपडून पोस्टात टाकतील. शाई फुटली तर त्यांना बोल, मला नको.

लग्नानंतर दोन महिने मी बाहेर बसलेच नव्हते. लाजेनं कुणाला बोलले नाही. आता आलंय ते थांबतच नाही. कमरेतून कळा येतात, गाठी पडतात. सासूबाई, अत्ते म्हणते मी त्यांना, म्हणाल्या, उशिरा आलं की जोरात येतंच. थांबल्याशिवाय न्हायचं नाही, न्हाल्याशिवाय हट्टीत पाऊल टाकायचं नाही, नाहीतर देव कोपतो. त्या तशा मायाळू आहेत गं. लांबून का होईना, नाचणीचा गोळा गरम आणून ठेवतात.

तुला कधी असं झालं होतं का? हसू नकोस.

लोभ आहेच, पत्र तेवढं लवकर टाक.
तुझी करी

बंगळूर,
१५ जानेवारी

चि. करीस अनेक आशीर्वाद.

हसू कसलं येतंय? वाचलं आणि लगेच लिहायला बसले. शेजारच्या जयाला असंच झालं होतं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना बसवून समजावलं. पाळी चुकून मग अशा कळा आल्या, गाठी पडल्या, तर ती पाळी समजायची नाही. बहुतेक तुला दिवस गेले होते, वेडे. आत काही राहिलं तर ते सडतं, बाई जिवानिशी जाते. पाळी चुकली की लगेच दवाखान्यात लघवी तपासून घ्यायची असते, हेही तेव्हाच कळलं. आईनं आपल्याला बाहेर बसायला शिकवलं, का बसतो ते कधी सांगितलंच नाही.

हे पत्र अत्तेंना मोठ्यानं वाचून दाखव आणि आजच तालुक्याला जा. गाडी विटाळली तर मी येऊन धुवीन. देवाचा कोप माझ्या माथी.

जीव टांगणीला लागलाय, खुशाली कळव.
सिद्दक्का

मारेहट्टी,
२८ जानेवारी

ती. सिद्दक्कास सा. न. वि. वि.

मी वाचले, बाळ नाही. दवाखान्यात पिशवी साफ केली, रक्त चढवलं. पुढे मूल होईल म्हणतात, पण मला हेच हवं होतं गं.

तुझं पत्र मी झोपडीच्या दारातून वाचलं. अत्ते लांब उभ्या होत्या. पत्र संपलं तशा त्या सरळ आत आल्या, मला धरून उठवलं, हट्टीतून सगळ्यांच्या देखत गाडीपर्यंत नेलं. सासरे ओरडत होते. अत्तेंनी मागे पाहिलं नाही. अजून रक्त जातंय थोडं, तरी मी घरात, त्यांच्याच अंथरुणावर आहे.

काल माझं डोकं चोळता चोळता त्या बोलायला लागल्या. आमच्या यांच्या जन्माआधी त्यांनाही दोनदा असंच झालं होतं, त्याच झोपडीत. महिने चुकून मग कळा, गाठी. त्यांच्या सासूनं सांगितलं, उशिरा आलं म्हणून जोरात आलं. दोन्ही वेळा तळ्यावर लुगडं धुतलं, न्हाल्या, आणि सुटले एकदाची म्हणून हसत घरी आल्या.

तुला विचारायला सांगितलंय त्यांनी. म्हणाल्या, "सिद्दक्काला विचार, त्या दोघांसाठी आता रडलं तर चालतं का?"

काय सांगू त्यांना? माया असू दे, आमच्या दोघींवर.
तुझी करी